गोव्यात पोकर जिंकून आलेला मित्र खरंच भारी खेळतो का?

सोमवारी सकाळी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक फोटो येतो. टेबलावर रंगीत चिप्सचे चार मनोरे, बाजूला ग्लास आणि खाली एकच ओळ, 'एका रात्रीत ४० हजार'. अर्धा ग्रुप पार्टी मागतो, उरलेला अर्धा 'पुढच्या वेळी आपण पण' म्हणतो. त्याच गाडीतून गोव्याला गेलेला आणखी एक जण त्या ग्रुपवर असतो, त्याचे २५ हजार गेलेले असतात. तो गप्प असतो. फारच कोणी खोदून विचारलं तर 'पत्तेच आले नाहीत राव' एवढंच सांगतो.

जिंकलेला म्हणतो डोकं चाललं, हरलेला म्हणतो नशीब फुटकं. यातली गंमत अशी आहे की, असं म्हणायला दोघांकडेही पुरावा नसतो. कारण पोकरमध्ये एका रात्रीचा निकाल खेळाडूबद्दल जवळपास काहीच सांगत नाही. हे वाक्य तत्त्वज्ञानाचं वाटेल, पण ते साध्या गणिताचं आहे आणि वर्षातून दोनदा कॅसिनोत जाणाऱ्या माणसाच्या खिशाशी त्याचा थेट संबंध आहे.

आधी हे सगळे लोक गोव्यालाच का जातात ते बघू. महाराष्ट्रात १९७६ साली कॅसिनोचा कायदा झाला होता, पण तो अमलात कधीच आला नाही. तो रद्द करायचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये घेतला. त्याच १९७६ सालात गोव्याचाही जुगारविरोधी कायदा झाला. पण गोव्याने त्यात पुढे दुरुस्त्या केल्या, १९९२ मध्ये पंचतारांकित हॉटेलांतल्या स्लॉट मशिनसाठी आणि १९९६ मध्ये पाण्यातल्या जहाजांवरच्या खेळांसाठी. म्हणून आज मांडवी नदीत ती झगमगणारी जहाजं दिसतात आणि पणजीच्या जेटीवरून छोट्या बोटीने लोक तिथे पोचतात. खुद्द गोव्याच्या रहिवाशांना मात्र १ फेब्रुवारी २०२० पासून या कॅसिनोंमध्ये खेळायला बंदी आहे. म्हणजे त्या टेबलावर बसलेले लोक बेळगाव, पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्ली असे कुठूनही आलेले असू शकतात, फक्त गोव्याचे नसतात. ऑनलाइन पैसे लावून पोकर खेळण्याचा मार्गही २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने केलेल्या कायद्याने बंद झाला.

आता खेळ काय आहे? कॅसिनोत गेल्यावर पहिला घोटाळा इथेच होतो. रुले किंवा तीन पत्तीच्या काही टेबलांवर तुम्ही कॅसिनोविरुद्ध खेळता. नियमच असे बांधलेले असतात की लांब पल्ल्यात कॅसिनो जिंकणार. काही टेबलांच्या नावात 'पोकर' हा शब्द असतो, पण तिथेही समोर कॅसिनोच असतो. खरा पोकर, म्हणजे टेक्सास होल्डेम, यात आठ-नऊ जण एकमेकांविरुद्ध खेळतात. डीलर फक्त पत्ते पिसतो, वाटतो आणि पैसे मोजतो. तुम्ही हरलात काय आणि जिंकलात काय, कॅसिनोला त्याचं सोयरसुतक नसतं. तो प्रत्येक मोठ्या डावातून आपला कट काढून घेतो, त्याला रेक म्हणतात.

डावाची रीत सोपी आहे. प्रत्येकाला दोन पत्ते झाकून मिळतात. मग टेबलाच्या मधोमध तीन पत्ते उघडतात, ते फ्लॉप. चौथा टर्न, पाचवा रिव्हर. सातांपैकी ज्याचे पाच पत्ते सगळ्यात भारी, त्याचा डाव. प्रत्येक टप्प्यावर पैसे लावायचे, वाढवायचे किंवा पत्ते टाकून बाजूला व्हायचं. मेंढीकोट खेळलेल्या माणसाला हे दहा मिनिटांत कळतं. अडचण पुढे आहे.

सुरुवात एक्क्यांपासून करू. हातात दोन एक्के येणं ही होल्डेममधली सगळ्यात भारी सुरुवात. ती सरासरी २२१ डावांत एकदा येते. कॅसिनोतल्या टेबलावर तासाला साधारण २५ ते ३० डाव होतात, म्हणजे आठ तास बसलात तर एकदा. गोव्याला खास गाडी करून गेलेला, एन्ट्री फी भरलेला माणूस आठ तास एक्क्यांची वाट बघत बसेल का? नाही बसणार. चांगले खेळाडू नऊ जणांच्या टेबलावर बहुतेक डाव पत्ते टाकून देतात. बघणाऱ्याला तो खेळ कंटाळवाणाच वाटेल. हौशी खेळाडूला मात्र खेळायचं असतं, म्हणून तो राजा आणि सत्ती घेऊनही आत शिरतो. हौशी खेळाडूचे सगळ्यात जास्त पैसे ब्लफ फसून जात असतील असं सिनेमे बघून वाटतं. प्रत्यक्षात ते कंटाळ्यापायी जातात.

बरं, एक्के आलेच तर? समोर एकच जण असेल आणि त्याचे पत्ते कुठलेही असतील, तर एक्के शंभरातून ८५ वेळा जिंकतात. पण शनिवारी रात्रीच्या मोकळ्याढाकळ्या टेबलावर एकच जण समोर राहत नाही, चार-चार जण 'बघू तरी' म्हणून पैसे टाकतात. चौघंही शेवटपर्यंत राहिले, तर एक्क्यांची जिंकण्याची शक्यता ५६ टक्क्यांवर येते. आठ जण राहिले तर ३५ वर. मग रिव्हरला कुणाची तरी दुर्री-चौकीची जोडी लागते आणि एक्केवाला टेबलावर हात आपटतो.

इथे एक बारीक मुद्दा आहे आणि तोच बहुतेकांचा सुटतो. चार जणांविरुद्ध ५६ टक्के म्हणजे वाईट नाहीच, उलट तो सोन्याचा भाव आहे. पाच जणांनी सारखे पैसे टाकले तर तुमचा वाटा फक्त २० टक्के असतो आणि सगळा गल्ला तुम्हाला शंभरातून ५६ वेळा मिळतो. म्हणजे शंभरातून ४४ वेळा हरूनही हा उत्तम व्यवहार आहे. पण माणसाच्या लक्षात ते ४४ राहतात. 'एक्के मला लाभतच नाहीत' असं सांगणारा एक तरी जण प्रत्येक टेबलावर सापडतो.

याच्या उलटही घडतं. समजा तुमच्या हातात बदामाचे दोन पत्ते आहेत, टर्नपर्यंत मध्ये आणखी दोन बदाम उघडलेत आणि शेवटच्या पत्त्यावर पाचवा बदाम आला तर डाव तुमचा. गल्ल्यात ३ हजार आहेत आणि समोरच्याने आणखी ३ हजार लावले. तुम्ही ३ हजार टाकले तर मिळू शकतात ६ हजार. न दिसलेल्या ४६ पत्त्यांत बदाम उरलेत ९, म्हणजे पाचातून एकदा लागणार. पाच वेळा हा व्यवहार केला तर चार वेळा ३-३ हजार असे १२ हजार जातील आणि एकदा ६ हजार येतील. पुढे आणखी पैसे काढता येण्याची शक्यता सोडली, तर हा निव्वळ तोट्याचा निर्णय आहे. पण ज्या रात्री बदाम लागतो त्या रात्री टेबल टाळ्या वाजवतं, आणि तो माणूस पुढची दोन वर्षं प्रत्येक बदामामागे धावतो.

चुकीच्या निर्णयाला बक्षीस आणि बरोबर निर्णयाला शिक्षा, हे पोकरमध्ये रोज होतं. बुद्धिबळात वजीर फुकट घालवला की हार ठरलेली असते आणि धडा तिथेच मिळतो. पोकरमधला धडा उशिरा मिळतो. किती उशिरा, याचा हिशोब करता येतो.

धरून चालू की ब्लाइंड, म्हणजे डाव सुरू करायला लावायचे सक्तीचे पैसे, १००-२०० आहेत आणि खेळाडू २० हजारांच्या चिप्स घेऊन बसलाय. तीन-साडेतीन तास, साधारण १०० डाव. एक चांगला खेळाडू घेऊ, जो रेक जाऊनही अशा रात्रीला सरासरी २ हजार कमावतो. एक कच्चा घेऊ, जो सरासरी ४ हजार घालवतो. दोघांच्या कुवतीत फरक भरपूर आहे. पण एका रात्रीतला स्वाभाविक चढउतार असतो १८ हजारांच्या आसपास, म्हणजे चांगल्या खेळाडूच्या सरासरी कमाईच्या नऊ पट.

हे आकडे संख्याशास्त्राच्या नेहमीच्या सूत्रात घातले की उत्तर येतं. चांगला खेळाडू शंभरातल्या ४५-४६ रात्री हरून उठतो. कच्चा खेळाडू शंभरातल्या ४१ रात्री जिंकून उठतो.

म्हणजे सोमवारच्या त्या फोटोवरून मित्र कुठल्या गटातला, हे ठरवणं म्हणजे नाणेफेक करण्यासारखंच आहे. बरं, एका रात्रीचं सोडा. हा माणूस वर्षातून चार रात्री खेळतो आणि पाच वर्षं खेळला असं समजू. २० रात्री झाल्या. तरीही चांगल्या खेळाडूची एकूण बेरीज तोट्यात असण्याची शक्यता ३१ टक्के राहते आणि कच्च्या खेळाडूची बेरीज नफ्यात असण्याची शक्यता १६ टक्के. चांगल्या खेळाडूची सरासरी कमाई आणि चढउतार एकमेकांच्या बरोबरीला यायलाच ८१ रात्री लागतात. वर्षाला चार रात्रींच्या हिशोबाने २० वर्षं. रोज खेळणारा व्यावसायिक खेळाडू एवढे डाव तीन-चार महिन्यांत संपवतो. हौशी खेळाडू पंचविशीत पहिल्यांदा बसला, तर आपण खेळतो कसं हे त्याला फक्त निकालावरून पंचेचाळिशीतही खात्रीने सांगता येणार नाही.

या धूसरपणावरच सगळा पोकर उभा आहे, असं म्हटलं तरी चालेल. कच्चा खेळाडू दहा रात्रींतल्या चार जिंकतो, म्हणून तो परत येतो. बुद्धिबळात दहाच्या दहा हरला असता तर केव्हाच घरी बसला असता.

जगभर पोकरची लाट आली तीही अशाच एका निकालामुळे. २००३ साली अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातला ख्रिस मनीमेकर नावाचा एक अकाउंटंट लास वेगासच्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमध्ये उतरला. आडनाव खरंच मनीमेकर. १० हजार डॉलर प्रवेश फी असलेल्या त्या स्पर्धेत तो शंभर डॉलरपेक्षाही कमी पैशांची ऑनलाइन स्पर्धा जिंकून पोचला होता. स्वतः धरून ८३९ जणांच्या मैदानात, बाकीच्या ८३८ जणांना मागे टाकून, त्याने २५ लाख डॉलर जिंकले. त्याच्या जिंकण्यात कौशल्य होतंच, पण मैदानातल्या सगळ्यांना मिळून एक विजेता मिळणारच होता. टीव्हीवर तो दिसला, बाकीचे ८३८ दिसले नाहीत. व्हॉट्सॲप ग्रुपचं आहे तसंच.

आता पैशाचा जो भाग पत्त्यांशी संबंधित नाही, त्याकडे येऊ. रेक साधारण गल्ल्याच्या काही टक्के असतो आणि त्याला कमाल मर्यादा असते. समजा तासाला २० गल्ल्यांतून सरासरी दीडशे रुपये कापले गेले. ३ हजार झाले. नऊ जणांत वाटले तर प्रत्येकी तासाला ३३० रुपये, चार तासांत १,३००. जिंकल्यावर डीलरला टीप द्यायची पद्धत आहे, ती वेगळी. हे पैसे एकदम जात नाहीत, म्हणून कुणाला जाणवत नाहीत.

पण खरा मोठा दगड आहे जीएसटी. १ ऑक्टोबर २०२३ पासून कॅसिनोत चिप्स घेताना मोजलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के कर लागू झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. हा कर जिंकण्यावर नाही, चिप्स घेण्यावर आहे. न खेळता चिप्स परत केल्या तरी तो सुटत नाही. त्याच चिप्सवर रात्रभर फिरवाफिरवी केली तर मात्र दर डावाला नव्याने लागत नाही. २० हजारांच्या चिप्सवर होतात ८ हजार. यातला किती भार कॅसिनो स्वतः सोसतो आणि किती गिऱ्हाइकाकडून घेतो, हे काउंटरवर चिप्स घेण्याआधी विचारायचा प्रश्न आहे. पूर्ण भार खेळाडूवर आला, तर वरच्या उदाहरणातला चांगला खेळाडू, जो रात्रीला सरासरी २ हजार कमवत होता, तो सरासरी ६ हजारांनी खाली जातो. चांगलं खेळून भागत नाही, अशी ही परिस्थिती आहे. शिवाय पत्त्यांच्या खेळातल्या कमाईवर ३० टक्के आयकर आहे, वर सेस. आणि हरलेले पैसे त्यातून वजा करायची सोय कायद्यात नाही.

एवढं सगळं असूनही माणूस रात्री तीनला पुन्हा पाकीट का काढतो?

कारण तोपर्यंत तो पोकर खेळत नसतो, गेलेले पैसे काढत असतो. डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली मांडलं होतं की, तेवढ्याच रकमेच्या कमाईच्या आनंदापेक्षा तोट्याचं दुःख मोठं असतं आणि तोट्यात असलेला माणूस बरोबरीत यायला एरवी घेणार नाही असा धोका पत्करतो. पोकरच्या टेबलावर याला टिल्ट म्हणतात. जुन्या पिनबॉलच्या मशिनला कुणी हिसके दिले की 'टिल्ट' असा दिवा लागून खेळ बंद पडायचा, तिथून हा शब्द आला. माणसाच्या बाबतीत दिवा लागत नाही आणि खेळही बंद पडत नाही, एवढाच फरक. एक्के हरलेला माणूस पुढचे पाच डाव रागाने खेळतो आणि टेबलावरचे बाकीचे आठ जण ते अचूक ओळखतात.

कॅसिनोची रचनाही त्याला मदतच करते. एन्ट्री फीमध्ये जेवण आणि दारू धरलेली असते, त्यामुळे चौथा ग्लास फुकट वाटतो. पाचशेच्या चाळीस नोटा मोजून देताना जो हात अडखळला असता, तो प्लॅस्टिकच्या चिप्स सरकवताना अडखळत नाही. जेटीकडे परतणाऱ्या बोटी रात्रभर चालू असतात, म्हणून 'आता निघायलाच हवं' असं सांगणारं बाहेरचं काहीच नसतं.

हे वाचून पोकरमध्ये मजा नाही असं समजायचं कारण नाही. अनोळखी आठ माणसं, त्यांच्या सवयी वाचणं, समोरचा खरं बोलतोय की बनवतोय याचा अंदाज घेणं आणि तो बरोबर निघणं, ही चव रमीत किंवा तीन पत्तीत मिळत नाही. मुरलेले हौशी खेळाडू ती मजा घेतात आणि पैशाकडे नाटकाच्या तिकिटासारखं बघतात. गेले तर गेले, परत आले तर बोनस. त्यांच्या काही सवयी सारख्या असतात. किती वाजता उठायचं हे ते बोटीत बसण्याआधी ठरवतात, टेबलावर नाही. ठरलेली रक्कम संपली की डेबिट कार्ड हॉटेलच्या खोलीत असतं. बरेच जण रोख पैशांच्या टेबलाऐवजी टूर्नामेंट खेळतात, कारण पुन्हा प्रवेश घ्यायचा मोह टाळला तर तिथे जास्तीत जास्त प्रवेश फीच जाते. आणि प्रत्येक रात्रीचा आकडा ते लिहून ठेवतात, हरलेल्या रात्रीचा सुद्धा. आठवणीवर सोडलं तर बहुतेकांची बेरीज 'साधारण बरोबरीत' येते. वहीत ती फार कमी वेळा तशी येते.

डावाचं विश्लेषण करायची त्यांची पद्धतही वेगळी असते. 'किती जिंकलास' हे विचारत नाहीत. गल्ला किती होता, समोरच्याने किती लावले, तुझ्याकडे किती पत्ते उरले होते, हे विचारतात. ४० हजारांच्या फोटोखाली असा प्रश्न टाकून बघा. उत्तर पटकन आलं, तर मित्र बरा खेळत असण्याची शक्यता आहे.

यातला एक गट मात्र वेगळा आहे. जो हरलेली रक्कम घरी लपवतो, उसने पैसे घेऊन जातो किंवा पुढची ट्रिप मागच्या ट्रिपचे पैसे काढायलाच ठरवतो, त्याच्यासाठी वरचं गणित उपयोगाचं नाही. त्याचा प्रश्न पत्त्यांचा राहिलेला नसतो. केंद्र सरकारची टेलि-मानस ही मोफत हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर चोवीस तास चालू असते, मराठीतही बोलता येतं आणि घरच्यांनी फोन केला तरी चालतो.